सागरतळाची बखर

इ. स. १८६८ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील नॉर्विच ह्या शहरी ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन भरले होते. त्या प्रसंगी टॉमस हेन्री हक्सले ह्या प्राणिशास्त्रज्ञाने तेथील कामकरी वर्गापुढे एक व्याख्यान दिले. विषय होता खडूचा तुकडा. सुतार लाकडावर खुणा करण्यासाठी खिशात बाळगतो तोच. आज शाळेच्या फळ्यावर झिजतो तो खडू बहुधा जिप्समचा केलेला असतो. पण नॉर्विच ज्या जमिनीवर वसले आहे तिच्या पोटात शेकडो फूट जाडीचा खऱ्या खडूचा दगड आहे. ह्या दगडाचा अगदी पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की पांढऱ्या भुकटीचे रूप एकदम पालटते. फुगीर कप्पे एकमेकांना चिकटून झालेली चिमुकली कवचे दिसू लागतात, आणि त्यांच्या भोवतीची पूड म्हणजे त्यांहूनही बारीक अशा वाटोळ्या चकत्या असल्याचे ध्यानात येते. अटलांटिक महासागराच्या तळावरून काढलेला चिखल हक्सले ह्यांनी पूर्वीच तपासलेला होता. त्यातही हीच कवचे आणि ह्याच चकत्या. तेव्हा इंग्लंडची ही पांढरी जमीन एके काळी समुद्राचा तळ होती, हा निष्कर्ष त्यांनी आपल्या श्रोत्यांपुढे पायरीपायरीने मांडला.

खडूच्या कणांत समुद्राचा इतिहास आहे, हे अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले. त्यांच्यात हवेचाही इतिहास दडलेला आहे, हे कळावयास मात्र आणखी शंभरावर वर्षे जावी लागली.

ती कवचे आणि त्या चकत्या कोणाच्या, हे प्रथम सांगितले पाहिजे. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ, प्रवाह नेईल तिकडे जाणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. त्यांना शास्त्रीय परिभाषेत प्लवक म्हणतात. त्यांपैकी फोरॅमिनीफेरा हे एकपेशीय प्राणी वाळूच्या कणाएवढे कवच बांधतात. ग्लोबिजेरिना हा त्यांच्यातील विशेष प्रसिद्ध. दुसरे कोकोलिथोफोर, ही एकपेशीय शैवले होत. ती आपल्या देहाभोवती चुन्याच्या चकत्यांचे चिलखत चढवितात. दोघांचेही बांधकाम कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यासाठी लागणारा कार्बन ते पाण्यातून घेतात, आणि पृष्ठभागाचे पाणी वरच्या हवेशी कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे बोलीभाषेतील कर्बवायूची, अखंड देवघेव करीत असते. जीव मेला की कवच खाली बसते. खोल समुद्रात हजार वर्षांत कोठे दोन-तीन सेंटिमीटर गाळ साचतो. पण समुद्राला घाई नसते. एका मीटरमध्ये तीस-चाळीस हजार वर्षे सहज मावतात.

हे आज सरळ वाटते. परंतु हे प्राणी पृष्ठभागावर राहतात की तळाशी, ह्यावरच त्या काळी मोठा वाद होता. तो मिटविला ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीने. १८७२ च्या डिसेंबरात निघालेले हे जहाज १८७६ च्या मे महिन्यात परतले. त्यावरील जॉन मरे हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ पृष्ठभागावरच्या पाण्यातून बारीक विणीचे जाळे ओढीत असे. जी कवचे तळाच्या चिखलात सापडत, ती बांधणारे जीव त्याच्या जाळ्यात जिवंत सापडू लागले. कवचे वरची, कबर खालची, हे त्यामुळे सिद्ध झाले. हा निर्णय वरकरणी किरकोळ दिसतो. पण हे जीव जर तळाचे रहिवासी ठरले असते, तर वरच्या हवेविषयी त्यांची साक्ष काढण्यात काही अर्थच उरला नसता.

ह्याच सफरीत हक्सले ह्यांच्या एका शोधाचा निकाल लागला. बाटलीत मद्यार्कात ठेवलेल्या अटलांटिकच्या चिखलात त्यांना एक बुळबुळीत पदार्थ दिसला होता. सर्व सागरतळ व्यापून राहिलेला तो एक आदिम जीव असावा, असे समजून १८६८ मध्ये त्यांनी त्याचे ‘बॅथिबियस’ असे बारसेही केले. ‘चॅलेंजर’वरील रसायनशास्त्रज्ञ बुकॅनन ह्याला आढळले ते निराळेच. समुद्राच्या पाण्यात मद्यार्क ओतला की कॅल्शियम सल्फेटचा साका खाली बसतो. तोच हा जीव! हक्सले ह्यांनी १८७५ मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. गाळाच्या वाचनाचा इतिहास हा पुढेही बराचसा अशा चुकलेल्या आणि सुधारलेल्या वाचनांचाच आहे.

मराठी श्रोत्याला हा प्रकार अपरिचित नाही. बखर लिहिली जाते ती बहुधा प्रसंगानंतर, आणि लिहिणाराच्या दृष्टीने. म्हणून वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास घेतली, तेव्हा भर दिला तो अस्सल पत्रांवर. बखर टाकून द्यावयाची नसते. ती कागदाशी ताडून पाहावयाची असते. प्लवकांचे कवच ही हवेची बखर होय. त्यात हवा साठविलेली नसते. हवेमुळे पाण्यात जो पालट झाला, त्याचा ठसा तेवढा त्यात उमटलेला असतो.

ही बखर उलगडण्याची निकड कोणाला वाटावी, तर हिमयुगांचे कोडे सोडवू पाहणारांस. १८९६ मध्ये स्वीडनमधील स्वांटे अऱ्हेनियस ह्या रसायनशास्त्रज्ञाने कागदावर गणित मांडून असे प्रतिपादन केले, की हवेतील कर्बवायू निम्म्याने घटला तर पृथ्वी चार-पाच अंशांनी थंड होईल, आणि हिमयुगाचे कारण हेच असू शकेल. कल्पना भव्य होती. पण हिमयुगातील हवा तपासावयाची कशी? ती तर केव्हाच विरून गेलेली. अऱ्हेनियसचा प्रश्न ऐंशीहून अधिक वर्षे तसाच पडून राहिला.

दरम्यान एक वेगळी किल्ली हाती आली. शिकागो विद्यापीठातील हॅरल्ड युरी ह्यांनी १९४७ मध्ये असे दाखविले, की ऑक्सिजनचे जड व हलके अणू, म्हणजे त्याचे समस्थानिक, चुन्याच्या कवचात कोणत्या प्रमाणात शिरतात हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. पाणी जितके थंड, तितका जड ऑक्सिजन कवचात अधिक. नेमक्या त्याच सुमारास कुलेनबर्ग ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने गाळात खोल घुसणारी, आत दट्ट्या असलेली नळी तयार केली. पूर्वी एखाददुसरा मीटर गाळ निघे, तो आता पंधरा-वीस मीटर लांबीच्या अखंड स्तंभाच्या रूपाने निघू लागला. अमेरिकेतील ‘व्हेमा’ ह्या जुन्या शिडाच्या जहाजावर तर मॉरिस यूइंग ह्यांनी रोज एक स्तंभ काढलाच पाहिजे असा नेमच घालून दिला होता. त्या स्तंभांचे पुढे काय करावयाचे, हे पुष्कळदा काढणारांनाही माहीत नसे. संशोधनात अशी साठवण कधीकधी शहाणपणाची ठरते.

युरी ह्यांच्या प्रयोगशाळेत इटलीहून आलेल्या चेझारे एमिलियानी ह्यांनी कॅरिबियन व अटलांटिकमधील स्तंभांतून फोरॅमिनीफेराची कवचे निवडून मोजली. १९५५ मध्ये त्यांनी जो आलेख प्रसिद्ध केला, त्यात थंड आणि उबदार काळ करवतीच्या दात्यांप्रमाणे एकामागून एक येत होते. हिमयुगे चारच झाली, हा भूशास्त्राचा रूढ समज त्या आलेखाने मोडीत काढला. पण एमिलियानी ज्याला तापमान समजत होते, ते मुख्यतः तापमान नव्हते. हिमयुगात समुद्रातून उडालेले हलके पाणी जमिनीवर बर्फ होऊन अडकून पडते आणि मागे राहिलेला समुद्र जड होतो. केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन ह्यांनी १९६७ मध्ये तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनीफेराकडे लक्ष वेधले. तळाचे पाणी आधीच गोठणबिंदूच्या आसपास. ते आणखी थंड होणार किती? तरीही तेथील कवचांत तसाच चढउतार होता. म्हणजे कवच मुख्यतः बर्फाचे माप सांगत होते. आलेख खरा, अर्थ निराळा. पुढे १९७६ मध्ये हेज, इंब्री आणि शॅकल्टन ह्या तिघांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील दोन स्तंभांवरून असे दाखविले, की हिमयुगांचा ठेका पृथ्वीच्या कक्षेतील आणि अक्षातील सावकाश फेरबदलांशी जुळतो.

तरीही कर्बवायूचा प्रश्न बाकी होता. त्याचे उत्तर प्रथम दिले बर्फाने. अंटार्क्टिका व ग्रीनलंड येथील बर्फ थरांवर थर साचून होतो, आणि त्यात त्या त्या काळच्या हवेचे बुडबुडे कोंडले जातात. बर्न आणि ग्रनोबल येथील प्रयोगशाळांनी १९८० च्या सुमारास ते बुडबुडे फोडून त्यांतील वायू मोजला. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. हिमयुगाच्या ऐन भरात ते १८० ते २०० पर्यंत उतरलेले आढळले. अऱ्हेनियसचा तर्क दिशेने बरोबर होता. घट निम्म्याची नसून सुमारे एक तृतीयांशाची होती, एवढाच फरक.

येथे अस्सल कागद हाती आला, आणि बखर ताडून पाहण्याची वेळ आली. पृष्ठभागावरील शैवले प्रकाशसंश्लेषणासाठी हलका कार्बन पसंत करतात. ती मरून बुडाली की तो हलका कार्बन खोल पाण्यात जातो, आणि वरचे पाणी जड कार्बनाने तुलनेने संपन्न राहते. तेव्हा वरच्या आणि तळाच्या फोरॅमिनीफेरांच्या कवचांतील कार्बनाचा फरक जितका मोठा, तितका हवेतून कार्बन खेचून खोल समुद्रात नेणारा हा जिवंत पंप जोरात. शॅकल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेमा’च्या एकोणिसाव्या सफरीत पूर्व पॅसिफिकमधून काढलेला तिसावा स्तंभ घेऊन हा फरक मोजला आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. हिमयुगात फरक वाढलेला होता. चिखलाने बुडबुड्यांना दुजोरा दिला. १९८७ मध्ये अंटार्क्टिकातील व्होस्टोक येथील बर्फातून १ लाख ६० हजार वर्षांची हवा हाती आली. हिमयुगात कर्बवायू कमी, उबदार काळात अधिक, हा क्रम दोन्ही साधनांत एकच निघाला.

बर्फाची सलग नोंद २००८ पर्यंत ८ लाख वर्षांवर पोहोचली. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय पथकाने अंटार्क्टिकात २,८०० मीटर खोल जाऊन १२ लाख वर्षांहून जुना बर्फ वर काढला. पण पृथ्वीच्या आयुष्यात १२ लाख वर्षे म्हणजे काय? त्यापलीकडे अशी सलग नोंद देणारा अस्सल कागदच नाही. तेथे बखरीवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून ती अधिक काटेकोरपणे वाचण्याच्या युक्त्या शोधल्या गेल्या.

पहिली युक्ती शैवलांच्या चरबीची. आजच्या समुद्रात सर्वत्र आढळणाऱ्या एका कोकोलिथोफोराचे नाव एमिलियानिया हक्सलेई असे आहे. ह्या कथेतील दोन वाचकांची नावे त्या एका सूक्ष्म जीवावर कोरलेली आहेत. त्याचे हे नाव रूढ झाले ते १९६७ मध्ये, म्हणजे शॅकल्टन ह्यांनी एमिलियानींचे वाचन दुरुस्त केले त्याच साली! हे शैवल आल्केनोन नावाचे ३७ कार्बन अणूंचे लांब साखळीचे पदार्थ तयार करते, आणि ते गाळात लक्षावधी वर्षे टिकतात. पाण्यात कर्बवायू मुबलक असला की शैवल चोखंदळपणे हलका कार्बन निवडून घेते. टंचाई असली की मिळेल तो घेते. तेव्हा आल्केनोनमधील कार्बन तोलला की सुबत्ता होती की दुष्काळ, हे कळावे. जॅस्पर आणि हेज ह्यांनी १९९० मध्ये ह्या मार्गाने हिमयुगीन कर्बवायूचा आलेख काढला. (हे हेज वर उल्लेखिलेल्या हेजांहून निराळे.) परंतु शैवल किती वेगाने वाढते, त्याची पेशी केवढी, टंचाईत ते कार्बन आत ओढून घेण्याची काही तजवीज करते काय, ह्यांचाही परिणाम त्या तोलावर होतो. कर्बवायू थोडा असलेल्या काळासाठी ही साक्ष आता जपून घेतली जाते.

दुसरी युक्ती बोरॉनची, आणि आज अधिक विश्वास आहे तो हिच्यावर. कर्बवायू पाण्यात विरघळला की पाण्याचा अल्कधर्मीपणा कमी होतो. समुद्रातील बोरॉन दोन रूपांत असतो, बोरिक अम्ल आणि बोरेट. त्यांचे परस्परप्रमाण ह्या अल्कधर्मीपणावर ठरते आणि प्रत्येकात बोरॉनच्या जड-हलक्या अणूंची वाटणी वेगळी असते. फोरॅमिनीफेरा कवचात घेतात ते बोरेट. म्हणून कवचातील बोरॉन हा जणू त्या काळच्या पाण्यात बुडविलेला लिटमस कागदच. मोजमाप मात्र नाजूक. शेकडो कवचे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेचावयाची, धुवावयाची, विरघळवावयाची, तेव्हा कोठे एक आकडा मिळतो. ह्या पद्धतीने हिमयुगांच्या काळाचे जे आकडे आले ते बर्फातील बुडबुड्यांशी चांगले जुळले, आणि मग बर्फाच्या पलीकडे पाऊल टाकण्याचा अधिकार तिला प्राप्त झाला.

कवच कोठले घ्यावे, हाही प्रश्न असतो. अरबी समुद्राचे उदाहरण बोलके आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खोल पाणी वर उसळते. ते कर्बवायूने भरलेले असते, आणि समुद्रच उलट हवेला कर्बवायू देऊ लागतो. ग्लोबिजेरिना बुलॉयडिस नावाचा जीव अशा पाण्यात उदंड माजतो. तेथील कवचे हवेपेक्षा वाऱ्याची हकिकत अधिक सांगतात. मोसमी पावसाच्या इतिहासकारांना ती मोलाची, पण हवेचा हिशेब काढणारांस शांत पाणीच शोधावे लागते. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तेव्हापासून ह्या समुद्राचा अभ्यास भारतातही होत आला आहे. २०१५ मध्ये ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ ह्या खोदकाम करणाऱ्या जहाजाने भारताच्या पश्चिमेस लक्ष्मी द्रोणीत विवरे घेतली आणि सफर संपविली ती मुंबई बंदरात. तो शोध हिमालयाच्या झिजेचा आणि मोसमी वाऱ्यांचा होता.

फार मागे जावे तर आणखी एक फसगत वाट पाहत असते. पाच कोटी वर्षांपूर्वीच्या, इओसीन काळातील कवचांवरून उष्ण कटिबंधातील समुद्र आश्चर्य वाटावे इतका थंड निघत असे. ध्रुवांजवळ तर त्याच काळी हिमनद्यांचा मागमूस नव्हता. हे कसे? पॉल पिअरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेत टांझानियाच्या किनारी प्रदेशातील चिकणमातीत त्याच काळची कवचे मिळविली. ती काचेसारखी पारदर्शक होती. मातीने त्यांना पाण्यापासून जपले होते. ती तोलली तेव्हा समुद्र चांगला उबदार निघाला. खोल तळावरची पांढुरकी कवचे थंड पाण्यात पडल्यापडल्या नव्याने स्फटिक बनली होती आणि तळाची थंडी त्यांच्या अंगात मुरली होती. मूळ अक्षरांवर दुसऱ्याच कोणी शाई फिरवावी, तसा हा प्रकार. टांझानियातल्याच कवचांच्या बोरॉनवरून २००९ मध्ये असे दिसून आले, की ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फाची चादर पसरली ती कर्बवायू सुमारे ७५० भागांपर्यंत खाली येत असताना. इओसीनच्या आरंभी, पृथ्वी सर्वांत उबदार होती तेव्हा, तो १,४०० च्या आसपास होता, असा २०१६ मधील अंदाज आहे. हे आकडे ढोबळच. तितक्या जुन्या समुद्रात बोरॉनची मूळ घडण काय होती, हे गृहीत धरावे लागते.

त्याआधीचा, ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा एक प्रसंग ह्या बखरीतील सर्वांत उठावदार पान होय. अंटार्क्टिकाजवळ काढलेल्या स्तंभात केनेट आणि स्टॉट ह्यांना १९९१ मध्ये आढळले, की तेथे कवचांतील कार्बन एकाएकी हलका झाला आहे, पाणी तापले आहे आणि तळाचे फोरॅमिनीफेरा मोठ्या संख्येने नष्ट झाले आहेत. कोठून तरी प्रचंड कार्बन हवेत आणि समुद्रात आला, आणि पृथ्वी पाच-सहा अंशांनी उष्ण झाली. २००३ मध्ये दक्षिण अटलांटिकमधील वॉल्व्हिस पर्वतरांगेवर खोदकाम झाले, तेव्हा पांढऱ्या चुनखडी गाळाच्या मध्येच लालसर मातीचा पट्टा निघाला. त्या काळात समुद्र इतका अम्लाकडे झुकला होता, की तळावर पडलेली कवचे विरघळूनच गेली. बखरीचे पान तेथे कोरे आहे, आणि ते कोरेपणच सर्वांत अधिक बोलते. समुद्र पुन्हा ताळ्यावर यावयास लाखाहून अधिक वर्षे लागली. आज माणूस ज्या वेगाने कार्बन हवेत सोडीत आहे, तो त्या वेळच्या वेगाच्या जवळजवळ दसपट असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

चार्ल्स कीलिंग ह्यांनी १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ येथे हवा मोजावयास आरंभ केला, तेव्हा कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. तीस लाख वर्षांपूर्वी, समुद्र आजच्याहून कित्येक मीटर उंच असताना, बोरॉनची साक्ष ४०० च्या आसपासची आहे. सर्व साधने एकत्र करून २०२३ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार आजची पातळी सातत्याने आढळत होती ती १.४ कोटी वर्षांपूर्वी.

‘चॅलेंजर’ने पृष्ठभागावरून गोळा केलेले काही प्लवक लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात अद्याप जपून ठेवलेले आहेत. संशोधकांनी त्यांतील कवचे आणि ‘तारा’ ह्या जहाजाने २००९ नंतर पॅसिफिकमधून आणलेली त्याच जातींची कवचे क्ष-किरणांनी शेजारीशेजारी तपासली व २०२० मध्ये निष्कर्ष मांडला. नमुने थोडे होते, आणि एकट्या अम्लतेला दोष द्यावा की तापमानालाही, हे त्यांवरून ठरत नाही. पण ‘तारा’ची प्रत्येक जातीची कवचे ‘चॅलेंजर’च्या कवचांपेक्षा पातळ भरली, एका जातीत तर त्यांची जाडी ७६ टक्क्यांनी कमी होती.